कमरेचं माप

मित्रांनो, मी जानेफळच्या धम्मरत्न टेलरच्या गळ्यातला जुना टेप आहे. माझा पिवळा रंग उडाला, टोकाची पत्री निघाली. पूर्वी पोरांच्या कमरेला मी अठ्ठावीस-तीसवर थांबायचो, म्हणून ते आकडे पुसट झाले. आता चाळीसच्या आसपासचे झिजू लागले आहेत.

धम्मरत्नची बायको अर्पिता दुकानात काजं-बटणं करायची. लग्नानंतर ती अंगाने भरत गेली. बाया म्हणायच्या, "सासर मानवलं वो पोरीले!" धम्मरत्न तिच्या ब्लाउजच्या शिलाईत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायचा. ब्लाउज दाटला की टीप उसवून बोटभर सोडायचा. आपल्या हातच्या कामाचं त्याला कौतुक होतं.

गावात तपासणीला आलेल्या सिस्टरने तिला बजावलं होतं, "ताई, पोटावर चरबी चढली की तरुणपणीही बीपी वाढू शकते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. तुमची वाढली आहे. डॉक्टरला दाखवून गोळी सुरू करा, वजन उतरवा."

"या वयात गोळी? लोक हासतीन मले," अर्पिता म्हणाली. धम्मरत्नच आधी हसला.

एकतिसाव्या वर्षी, काज करता करता, ती बाजूला कलंडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मेहकरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

त्यानंतर बरेच दिवस मी खुंटीवरच होतो. दुकान पुन्हा सुरू झाल्यावर तिचा धाकटा भाऊ प्रज्वल लग्नाचा सूट शिवायला आला. धम्मरत्नने मला त्याच्या कमरेभोवती फिरवलं. मी बेचाळीसवर थांबलो, तसा त्याचा हातही थांबला.

"प्रज्वल, अगोदर बीपी तपासून ये. मंग शिवतो."

"काऊन भेवाडता भाऊजी? चोवीस वर्षाच्या पोराले बीपी असते काय? आतमंदी माया ठेवजा, बस."

"तुह्या ताईलेही ठेवली होती."

प्रज्वल कापड काखेत मारून दुसऱ्या टेलरकडे गेला. तिथल्या टेपनेही तोच आकडा दाखवला असेल.

मित्रांनो, कपडा दाटू लागला तर शिलाई उसवण्याआधी बीपी तपासून घ्या. कुणी ऐकेल असं मला वाटत नाही. धम्मरत्नलाही वाटत नाही. तरी तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोक हसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

अर्पिताचा शेवटचा ब्लाउज अजून मशीनवर आहे. त्याची एक बाजू उसवून ठेवलेली आहे.