दुसऱ्या पानावरचे घर

मी एक जुने मृत्युपत्र आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. माझ्यात दोनच पाने आहेत आणि भूत एकही नाही.

मला लिहिले एका पुस्तकबांधणी करणाऱ्याने. दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि स्वतःच मला निळ्या कापडी पुठ्ठ्यात बांधले. त्या थाटाचा मला अजून अभिमान वाटतो.

त्या घरात एक शिस्त होती: बांधायला आलेला कागद वाचायचा नाही, फक्त पानांचा क्रम बघायचा. तो गेल्यावर त्याच्या बायकोने मला उघडले तेही त्याच सवयीने. पहिल्या पानाच्या तळाशी 'माझे घर माझ्या पत्नीला' एवढे दिसले. पुढचे पान जागेवर आहे ना, ते पाहिले आणि मला कपाटात ठेवले. तिथे मी नऊ वर्षे कागद खाणाऱ्या कसरीशी झुंजत पडून होते. वर त्याची बायको, म्हणजे मामी, राहत होती. खाली तिच्या नवऱ्याची भाची बांधणीचे काम चालवत होती.

मग मामीच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले. तिने घर विकायचे ठरवले. त्या आठवड्यात भाचीने तीन पुस्तकांची पाने उलटी शिवली.

विक्रीचे कागद करणाऱ्या वकीलबाईंनी मात्र माझे दुसरे पानही वाचले: 'तिच्या हयातीपर्यंत राहण्यासाठी देतो. तिच्या पश्चात घर माझ्या भाचीचे.'

"म्हणजे मी भाडेकरू?" मामीचा चेहरा उतरला.

"नाही हो काकू. तुम्ही आहात तोवर घर तुमचंच, कुणी बाहेर काढू शकत नाही. पण त्यापुढचा हक्क तुम्हाला विकता येणार नाही. तो आजच हिचा आहे. ताबा तेवढा नंतर. दोघींनी सह्या केल्या तरच सगळं घर विकता येईल."

मामीने भाचीकडे पाहिले नाही. मला वाईट वाटले, पण माझ्यातला शब्द मला बदलता येत नाही.

भाचीने पेन उचलले. "तुला जायचंच असेल तर सही करते, मामी. पण जिन्यासाठीच विकत असशील, तर कागदाचे गठ्ठे वर नेते. तुझी खाट खाली येईल."

मामीने खालच्या खोलीवर नजर फिरवली. मग म्हणाली, "खिडकीजवळची जागा हवी."

खाट खाली आली. नऊ वर्षे मामीने गळक्या छपराकडे काणाडोळा केला होता. आता तिने कारागीर बोलावला. चार कौले बदलून भागेल, असे तो म्हणाला.

"मला पुरेल असं नको," मामी म्हणाली. "हिला पुरेल असं कर."

मित्रांनो, माझ्यासारखा कागद हाती आला तर शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचा. आणि आज तुमचे, उद्या दुसऱ्याचे असे काही सांभाळत असाल, तर उशिरा का होईना, त्याची कौले बदलून घ्या.