फिदेन्सियोच्या खिशातली किल्ली

माझा नवरा फिदेन्सियो तीस वर्षं आमच्या गावचा फिस्काल होता. चिलोएच्या बेटांवर पाद्री वर्षातून एखाद्या वेळी फिरकतो. बाकी बाप्तिस्मा, रविवारची प्रार्थना, मेलेल्याला माती देणं, सगळं फिस्कालच्या गळ्यात. मरणाऱ्याच्या उशाशी बसून हा सांगायचा, "भिऊ नकोस, प्रभू हात धरेल." इतक्या ठाम आवाजात सांगायचा की धडधाकट माणसालाही जावंसं वाटावं.

आणि हाच माणूस दोन वर्षं घर हलवू देत नव्हता. आमचा कडा ढासळत होता. आधी कुंपण गेलं, मग बटाट्याचं अर्धं वावर समुद्रात गेलं. मी म्हणायची, खाडीपलीकडे माझ्या भावाची जागा आहे, मिंगा बोलवू, सगळं गाव मिळून आपलं लाकडी घर ओढत, पाण्यावर तरंगवत नेईल. हा म्हणायचा, देव राखेल. त्याची श्रद्धा बघून गाव माना डोलवायचं. चाळीस वर्षं संसार केलेल्या मला मात्र कळत होतं की ती श्रद्धा नव्हे, निव्वळ भीती आहे. पलीकडच्या गावाला त्यांचा फिस्काल आहे. तिथे हा नुसता एक म्हातारा ठरणार होता. आता इथला फिस्काल रुदेसिंदो, चर्चची किल्ली त्याला द्यायची, असं गावाने ठरवून महिना झाला, तरी ती याच्याच खिशात होती.

कडा चुलीपासून पाच पावलांवर आला तेव्हा मीच घरोघरी सांगावे धाडले. उधाणाच्या दिवशी नव्वद माणसं आणि बैलांच्या आठ जोड्या दारात हजर झाल्या. मिंगात कुणी मजुरी घेत नाही. घरधन्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच. त्यांनी वीतभर रुंदीच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या आणि घर खांबांवरून उतरवून ओंडक्यांवर ठेवलं. रुदेसिंदो पुढे उभा राहून हुकूम सोडत होता. फिदेन्सियो मात्र आत उरलेल्या एकुलत्या एका बाकावर बसून होता. प्रार्थना करून येतो म्हणाला, आणि ती प्रार्थना काही संपेना. त्याला कान धरून बाहेर काढायला मी आत शिरले, तेवढ्यात बाहेर आरोळी उठली.

बैलांनी हिसका दिला. दार धाडकन लागलं, घर करकरलं, चौकट तिरकी झाली. आम्ही दोघांनी खांदे लावले तरी दार तसूभर हलेना. नव्वद माणसांच्या गलक्यात आमच्या हाका कोण ऐकणार! आत अंधार, फळ्यांच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या दोन-चार रेघा आणि पायाखालची जमीन चाललेली. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले त्याच घरात मी कोंडली गेले होते.

घर वाळूवर येऊन थांबलं तेव्हा कुठे रुदेसिंदोला आमचं ठोकणं ऐकू आलं. फटीला तोंड लावून त्याने सांगितलं की कुऱ्हाडीने फोडून तुम्हाला बाहेर काढता येईल, पण दाराची भिंत फोडली तर घर पाण्यात तग धरणार नाही. आणि थांबलो तर ही भरती हातची जाईल. पुढचं उधाण पंधरा दिवसांनी, तोवर लाटा इथेच घराचा चुरा करतील.

"फिदेन्सियोकाका, घर तुमचं आहे," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं."

पाणी ओंडक्यांना लागल्याचा आवाज येत होता.

"तीस वर्षं लोकांना सांगितलंस, भिऊ नकोस," मी म्हटलं. "खोटं सांगत होतास का रे म्हाताऱ्या?"

"खोटं नव्हतं. पण तेव्हा जाणारे ते होते."

मला हसू आलं आणि रडूही. मी त्याचा हात धरला. "मला भीती वाटते, एदेल्मिरा," तो म्हणाला. "पाण्याची नाही. पलीकडे मी कोण?"

"माझा नवरा. तेवढं पुरत नसेल तर तुझ्या देवाला विचार."

आणि तो खरंच विचारायला लागला. तो चर्चमधला भरदार आवाज नव्हता. प्रभू, मला हे जमत नाही, तू माझ्याबरोबर चल, एवढंच तो पुटपुटला. आमेन म्हणायचंही विसरला. मग उठून त्याने दारावर मूठ आपटली आणि ओरडला, "ओढा!"

घर घसरलं, बुडाल्यासारखं झालं आणि तरंगलं. फळ्यांमधून पाणी आत आलं, घोट्यापर्यंत चढलं आणि थांबलं. आम्ही बाकावर पाय वर घेऊन बसलो. मी जितके संत आठवले तितक्यांना हाका मारल्या. घराखाली आता खडक नव्हते, ओंडके नव्हते. भिंती हळूहळू सरळ होत होत्या. खाडीच्या मध्यावर आलो आणि दार आपोआप उघडलं.

समोर आमचा कडा लांब लांब जात होता. पुढे दोन लाँच घर ओढत होत्या, आणि रुदेसिंदो काळजीने वल्ह्याची होडी घेऊन दारालगत येत होता. त्याने हात पुढे केला, म्हणाला, या दोघं होडीत. मी उठलेच होते.

फिदेन्सियो उंबऱ्याशी पाण्यात उभा राहिला. खिशातून किल्ली काढून त्याने त्या पुढे आलेल्या हातावर ठेवली.

"आम्ही घरातूनच येतो," तो म्हणाला. "रविवारी घंटा जोरात वाजव. पलीकडे मला ऐकू आली पाहिजे."