मनगटावरचा सर्वांचा हक्क

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लंबक चहाचा कप घेऊन खिडकीपाशी बसला, दोनदा पुढेमागे डुलला, आणि आईने जाता जाता त्याच्या मनगटावरचा रबरबँड ओढून सोडला.

"नीट बस," आई म्हणाली आणि ओले कपडे घेऊन गॅलरीत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. दूध वर यायला लागलं की आपण गॅस बारीक करतो, तेव्हा जेवढा असतो तेवढाच.

लंबक एक्केचाळीस वर्षांचा होता. हे नाव त्याला पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मिळालं, कारण उभा राहिला की तो घड्याळाच्या लंबकासारखा हलायचा. घरात त्याला 'धाकटा' म्हणत. फार पूर्वी एका डॉक्टरांनी त्याला 'स्वमग्न' म्हटलं होतं. हा शब्द ज्याने काढला त्याने लंबकाला पाहिलं नसावं. स्वतःत मग्न व्हायला लंबकाला सवडच मिळत नसे. ट्यूबलाइटची कुई, फ्रिजची घरघर, शेजारचा मिक्सर, वहिनींच्या अंगावरचं अत्तर, सदऱ्याच्या कॉलरमागची टोचणारी चिठ्ठी, ही सगळी मंडळी एकदम त्याच्या दारात येऊन धक्काबुक्की करत. डुललं की ती रांगेत उभी राहत. एवढीच त्याची विद्या. तिला वीज लागत नसे, जागा लागत नसे, आणि तिने आजवर कोणाची काचसुद्धा फोडली नव्हती.

पण ती दिसत असे. तिथेच सगळं बिनसलं.

सतरा वर्षांपूर्वी थोरल्या भावाचं लग्न झालं. लग्नाच्या एकशे बारा फोटोंत लंबक एकशे बारा वेळा पुसट आला. वहिनींच्या माहेरी कोणीतरी विचारलं, "हे कोण? आणि हे असे का?" त्यानंतर आठवडाभरात घरी सर आले. सर डॉक्टर नव्हते. त्यांच्या खोलीबाहेर 'वर्तन-मार्गदर्शक' अशी पाटी होती. त्याआधी ते विक्रेत्यांना हसायला शिकवत. त्यांनी पिशवीतून एक जाड रबरबँड काढला, लंबकाच्या डाव्या मनगटात घातला आणि घरच्यांना समजावलं: डुलला की ओढायचा. कोणीही ओढला तरी चालेल. जितके जास्त हात तितकं बरं. सातत्य महत्त्वाचं.

घराने सातत्य राखलं. दादा वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता ओढायचा. वहिनी फोनवर बोलणं न तोडता ओढायच्या. पुतणीला दुधाचे दात पडायच्या आधी ही कला साधली. पाहुणे "बघू, कसं ते," म्हणून ओढून बघायचे. एकदा फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही, घरची रीत दिसते, असं समजून निघताना एकदा ओढला, आणि आईने त्याला पाणी दिलं.

रबरबँड तुटायचे. नवे यायचे. मनगटावर बांगडीएवढा एक पट्टा कायमचा तपकिरी झाला होता.

आणि मग चार महिन्यांपूर्वी, सतरा वर्षांच्या कष्टांचं चीज झालं. लंबकाचं डुलणं कमी झालं. आज सकाळचे दोन हेलकावे सोडले तर गेल्या महिन्यात तो जवळपास हललाच नव्हता. ताठ बसायचा, हात मांडीवर, नजर समोर, शाळेच्या फोटोतल्या मुलासारखा. वहिनींनी सात ठिकाणी फोन केले. "आता कुठेही नेता येईल हो यांना," त्या म्हणाल्या. अजून कुठे नेलं मात्र नव्हतं.

आईच्या लक्षात आलं की त्याचं जेवणही सुधारलंय. पूर्वी भराभर खायचा, आता एकेक घास किती सावकाश. गरम घेत नाही, तिखट घेत नाही, प्रकृतीला चांगलंच. सकाळी बेसिनमध्ये गुलाबी चूळ पडलेली दिसायची, म्हणून दादाने टूथपेस्ट बदलली.

लंबक गाल चावत होता. आतून, दोन्ही बाजूंनी, दाढांखाली धरून. हे त्याला असंच एके दिवशी सापडलं होतं. दारातली मंडळी रांगेत उभी राहिली नाहीत तरी जरा मागे सरकत, आणि बाहेरून काहीही दिसत नसे. दिसत नसलं की कोणी ओढत नसे. हिशेब सरळ होता.

शनिवारी कारखान्यात मुकादमाने त्याला बाजूला घेतलं. लंबकाचं काम होतं लांब टेबलावर ओळीने मांडलेले, घडी घातलेल्या छापील पानांचे फर्मे क्रमाने उचलून एका पुस्तकाची थप्पी करणं. पंधरा वर्षांत त्याची एक चूक निघाली नव्हती.

"हे बघ," मुकादम एक पुस्तक उघडून म्हणाला. "अठ्ठेचाळीसनंतर एकदम एक्क्याऐंशी. कायद्याचं पुस्तक आहे रे. माणूस अठ्ठेचाळीसवर गुन्हा करतो आणि एक्क्याऐंशीवर थेट फाशी. मधे सुनावणी नाही की काही नाही."

लंबक हसला नाही. हसलं की गाल ओढला जायचा.

"तू हलायचं थांबवलंस तेव्हापासून हे सुरू झालंय. मी बघतोय ना. डुल की बाबा. इथे कोण तुला खातंय?"

"घरी वचन दिलंय," लंबक म्हणाला.

"वचन? आणि तोंडाला काय झालंय तुझ्या? बोबडा बोलतोयस."

लंबकाने जीभ गालावरून फिरवली. मुकादमाने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "थांबवायला लावणाऱ्याला एक दिवस घेऊन ये इकडे. कटिंग मशीन दाखवतो." मग आपणच म्हणाला, "गंमत केली."

त्या संध्याकाळी दादाने बातमी दिली. उद्या दुपारी सर येणार. सोबत एक कुटुंब: आई, बाप आणि बावीस वर्षांची मुलगी. मुलगी रोपवाटिकेत काम करते, कामाला चोख आहे, पण कानाजवळ बोटं फडफडवते. लोक बघतात.

"तुला काही करायचं नाही," दादा म्हणाला. पाय सारखा हलवत बसायची त्याची सवय होती. तो हलवत होता. "फक्त बसायचं. तुला बघितलं की त्यांची खात्री पटेल आणि ते तिला लगेच बँड लावतील. सर म्हणाले, तू नमुना आहेस."

"मला बघून लावतील?"

"तुला बघूनच. मोठाच मान आहे हा."

लंबकाने त्या मानाचा विचार केला. त्या रात्रीच नाही, सकाळीही केला, आणि दुपारी चार वाजता बैठकीच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसेपर्यंत करत राहिला.

मंडळी आली. सर मधल्या खुर्चीत बसले आणि खटक्याचं पेन काढलं. मुलीचा बाप सोफ्याच्या कडेला बसला, मधे मुलगी आणि पलीकडे तिची आई. मुलीने खोलीतल्या ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग लंबकाकडे, आणि तिची बोटं कानाशी गेली. तिथे ती फडफडली, अगदी हळू, जसं पान वाऱ्याने हलावं. लंबकाला ट्यूबलाइटची कुई ऐकू येत होती. तिलाही येते, हे त्याला कळलं. एक्केचाळीस वर्षांत असं माणूस त्याला पहिल्यांदा भेटत होतं.

"हात," तिचा बाप म्हणाला. हात खाली आला.

सर बोलू लागले. पेन खट, खट करत होतं. ते शिस्तीबद्दल बोलले, समाजाबद्दल बोलले. आई चाव्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत होती. दादाचा पाय हलत होता. वहिनी कानातल्या डुलाशी खेळत होत्या. मुलीचा बाप मिशीचं एक टोक पिळत होता. त्या खोलीत पूर्ण स्थिर असा एकच माणूस होता, आणि त्याला आजारी म्हणून आणून बसवलं होतं.

"पंचेचाळीस मिनिटं झाली," सर म्हणाले. "एकदा तरी हलले हे?"

"नाही," बाप म्हणाला. "कमाल आहे."

मुलीची आई आत्तापर्यंत बोलली नव्हती. ती पुढे झुकली. "कसं जमलं हो तुम्हाला?"

"त्यांना नका विचारू," सर म्हणाले. "मी सांगतो."

पण प्रश्न लंबकाला विचारला होता, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, असं त्याला वाटे. हा त्याचा आणखी एक दोष.

"गाल चावतो," तो म्हणाला. त्याने तोंड उघडलं, बोटाने ओठ बाजूला ओढला आणि खिडकीच्या उजेडाकडे मान वळवली.

मुलीच्या आईने पाहिलं. मग तिने तोंडावर पदराचं टोक धरावं तसा हाताचा पंजा धरला. बापानेही मान लांब करून पाहिलं आणि चटकन दुसरीकडे बघायला लागला.

"टूथपेस्ट बदललीय आम्ही," वहिनी म्हणाल्या.

"हा दातांच्या डॉक्टरांचा विषय," सर म्हणाले. "वेगळा विषय. डुलणं थांबलं की नाही?" खट.

लंबकाने मनगटातला रबरबँड काढला आणि तो सरांपुढे धरला. "तुमचं पेन वाजतंय," तो म्हणाला. "आल्यापासून तीनशे अकरा वेळा. हा घाला. मी ओढतो."

सर हसले. पूर्वीचा धंदा होता, हसणं छानच जमलं. "धाकटे थट्टा करायलाही शिकले."

"घाला ना," मुलीची आई म्हणाली. "थोडा वेळ. आम्हालाही दिसेल."

"बाई, मला काय झालंय? मी नॉर्मल आहे."

एवढ्या मोठ्या पुराव्यापुढे बोलायला काही उरलं नाही. बापाने मान डोलावली. खरंच, सरांना काय झालं होतं? दादा दात आवळून म्हणाला, "धाकट्या, अब्रू घालवू नकोस." आईने उठून त्याच्या मनगटाला हात घातला. तिथे बँड नव्हता, पण बोटांना सतरा वर्षांची सवय. त्यांनी बँडच्या जागची कातडीच धरली आणि ओढली.

सरांनी पिशवीतून नवा बँड काढला होता. बापाने मुलीचा हात पुढे केला. बँड आत गेला, मनगटावर बसला. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिची दुसऱ्या हाताची बोटं कानाकडे निघाली.

"आता," सर म्हणाले. "लगेच. पहिल्या वेळी वडिलांनीच."

बापाने बँडखाली बोट घातलं आणि तो ताणला.

लंबक उठला. खोलीतून चालत सोफ्यापाशी गेला आणि जमिनीवर, मुलीच्या पायांशी बसला. "हात ठेवू का?" त्याने तिला विचारलं. या घरात मनगटाला हात लावण्याआधी कोणी परवानगी मागितल्याची ही पहिली वेळ. मुलीने मान हलवली, हो अशी. त्याने आपला तळहात तिच्या मनगटावर, ताणलेल्या रबराच्या आणि तिच्या कातडीच्या मधे ठेवला.

मग तो डुलू लागला. पुढे, मागे, चार महिन्यांचं एकदम. मुलीची बोटं कानाशी फडफडू लागली.

"हात काढा तुमचा," बाप म्हणाला.

"नाही," लंबक म्हणाला.

"माझी मुलगी आहे ही."

"ओढा. मला सवय आहे."

मुलीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं, पण त्याचा हात धरला नाही. दादा नाही उठला, वहिनी नाही उठल्या. आई जुडगा फिरवायची थांबली होती. सगळे वाट बघत होते, आणि बोटावर ताणलेलं रबर धरून बाप बसला होता: सोडलं तर परक्या माणसाला लागणार, आणि न सोडलं तर सर बघत होते.