रुपयाएवढी चाळण

मी एक जुना रंगीत टेलिव्हिजन आहे. चिंचणीच्या विजयाचे लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे १९६७ साली, मी तिच्या माहेरी आलो. तिचा भाऊ कृष्णकांत घिवलीजवळच्या वीज प्रकल्पावर फिटर होता. तिथल्या एका गोऱ्या साहेबाने मला बोटीतून आणले, पण इकडे चित्रे पाठवणारे केंद्रच नव्हते! त्यात ट्रकच्या धक्क्यांनी माझ्या चित्राच्या काचेची मागची निमुळती मान मोडली. साहेबाने मला कृष्णकांतला देऊन टाकले. मी बिघडलो म्हणून निकामी ठरलो, की चुकीच्या गावी आलो म्हणून, हे मला आजही उमगलेले नाही.

मित्रांनो, माझे तोंड गोल होते. मोठी काच गोल करणे सोपे आणि स्वस्त, एवढेच त्याचे कारण. पुढे चौकोनी काच जमू लागली आणि माझा भाव उतरला. माझ्यात तर काहीच बदलले नव्हते!

कृष्णकांतने माझी काच उकलली. आत पोलादाचा पातळ पत्रा निघाला. त्याला साडेतीन लाख बारीक भोके. त्या भोकांमुळेच रंग जागच्या जागी पडत. पण पत्रा वाकला होता.

कृष्णकांतचे वडील अण्णा दागिन्यांचे पोलादी ठसे कोरत. सोनार त्यावर पातळ सोने ठोकून नक्षी उठवत. डॉक्टरांनी अण्णांना डोळे जपायला सांगितले होते. तरी भिंग लावून त्यांनी पत्रा पाहिला.

"हातानं होईल."

"अण्णा, ह्यो यंत्राचा माल हाय."

"यंत्राला काय माज्यापेक्षा बारीक दिसते?"

"दिसते किती ते ठाव हाय!" आतून त्यांची बायको नर्मदाबाई म्हणाली. "काल चहात मीठ घातलंत."

अण्णा बारा दिवस ओट्यावर नव्या पत्र्याशी झुंजले. रुपयाएवढ्या जागेत अकराशे भोके पडली. एकही वाकडे नव्हते. कृष्णकांतने ती चाळण साहेबाला नेऊन दाखवली.

"काय म्हनला?" अण्णांनी विचारले.

"हात सोन्याचा म्हनला. पन पुरा पत्रा करायला तुमाला दहा वर्सं लागतील. तिकडं फोटो छापून तेजाबानं सगळी भोकं एकदम पाडतात. तरी पत्रा महागच पडतो. आपल्याकडं आधी काळा-पांढरा टीव्हीच येईल, त्याला ह्यो पत्रा लागत नाय."

"म्हंजे चांगलं ते येत नाय, सोपं बनते ते येते?"

"तुमच्या ठशानं तेच केलं ना, अण्णा? हातानं नक्षी घडवनाऱ्या सोनारांना आता कोन विचारते?"

अण्णांनी छिन्नी खाली ठेवली. "मग तेपन असेच बसले असतील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भोके पाडू लागले. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही आणि मला कळले नाही. डोळ्यांतून पाणी गळे, हात थांबत नसे.

मित्रांनो, स्वस्त वस्तू घरोघरी पोचते, ते चांगलेच असेल. ठरवणारा मी कोण? पण जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उघडून बघा. तिच्यापायी कोणाचे तरी डोळे खर्ची पडलेले असतात.

अण्णा १९६८ साली, होळीच्या आदल्या दिवशी वारले.