हुंकार आणि फुल्या

लेक गाडी लावायला जागा शोधत बाहेर घिरट्या घालत होती, तेवढ्यात नर्सनं अण्णांना आत नेलं. लेकीच्या या देशाची भाषा अण्णांना येत नव्हती. पण ते निवृत्त टेलिफोन ऑपरेटर; जन्मभर ऐकून घेण्याचाच पगार घेतलेला माणूस. समोरचा बोलू लागला की ते वाक्यागणिक हुंकार देत. न दिला तर बोलणाऱ्याला वाटतं, हा झोपला.

दातांच्या डॉक्टरीणबाई स्वभावानं फार चांगल्या होत्या. अशांचीच धास्ती जास्त. त्यांच्याशी भांडता येत नाही. त्यांनी दुखऱ्या दाढेला आरशाची काडी टेकवून काही विचारलं.

"हं," अण्णा म्हणाले.

काडी शेजारच्या दातावर गेली.

"हं."

अशी खालची अख्खी रांग झाली. मग सुई आली आणि ओठ, जीभ, हनुवटी एकेक करून पाहुण्यांसारखी उठून गेली.

तोंडात कापसाचा बोळा बसला तेव्हा अण्णांना समोरचा पडदा दिसला. त्यावर त्यांचाच जबडा होता आणि खालच्या प्रत्येक दातावर लाल फुली. हुंकारागणिक एक.

त्यांनी जोरात मान हलवली. बाईंनी ती मायेनं धरून सरळ केली. बोलायला गेले, तर नाकातून पुन्हा हुंकारच निघाला. बाईंनी समाधानानं पक्कड उचलली आणि आणखी काही विचारलं.

अण्णांनी श्वास रोखला. बाईंनी तेच सावकाश विचारलं. घशाशी हुंकार उचकीसारखा येत होता. अण्णांनी खुर्चीचे हात आवळले. पक्कड ओठाजवळ थांबली. बाईंच्या कपाळाला आठी पडली, पक्कड खाली गेली आणि एव्हाना गाडी लावून आलेल्या लेकीला हाक गेली.

दोघींचं बोलणं झालं. लेक पांढरी पडली.

"अण्णा, खालचे सगळे काढायला हो म्हणालात?"

अण्णांनी बोळा काढला. "ऐकत होतो गं," ते कसेबसे म्हणाले.

"आईचं कधी एवढं ऐकलं नाहीत."

बाईंनी घाईघाईनं फुल्या पुसल्या. दुखऱ्या दाढेवरची तेवढी ठेवली.

"ही तरी काढू का, विचारतायत. नीट शब्दात सांगा. तुमच्या हुंकारावर त्या आता पक्कड उचलणार नाहीत."

अण्णांनी लेकीचं मनगट गच्च धरलं. पक्कड ट्रेमध्ये चकाकत होती.

"काढा म्हणावं," ते म्हणाले. "पण तू इथून हलू नकोस."