पंखाखालच्या तारा

मित्रांनो, मी एक लढाऊ विमान आहे. पण जी लढाई मला सांगायची आहे, ती मी जमिनीवर, पोटाची झाकणे उघडी टाकून, मुकाट्याने ऐकली.

माझा जन्म अमेरिकेतल्या टेक्ससमधला. अंगाचा रंग पुरता वाळतो न वाळतो तोच मला समुद्रापार इटलीत पाठवले. आल्प्सच्या पायथ्याशी अमेरिकेचा हवाई तळ होता. तिथल्या बऱ्याच विमानांपेक्षा मी वेगळे होते. वेळ आलीच तर अणुबॉम्ब नेता यावा, म्हणून माझ्या पोटातून पंखाखालपर्यंत खास तारा नेल्या होत्या. ती वेळ कधी आली नाही. मी सराव करीत राहिले, ढग कापीत राहिले. सार्जंट रॉस्को टिबेट माझी निगा राखत. सकाळी कॉफीचा कप घेऊन येत आणि माझ्या नाकावर थोपटून म्हणत, "काय राजे, झाली का झोप?" शिकाऊ मुलांना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "असं ठेवायचं विमान."

वर्षे गेली. एके दिवशी वरून हुकूम आला, की माझ्या जुन्या तारा काढून नव्या बॉम्बसाठी नव्या बसवायच्या आणि मला शत्रू मानलेल्या देशाच्या सरहद्दीजवळ, दुसऱ्या एका देशात न्यायचे. काम अर्ध्यावर असताना अमेरिकेच्या संसदेतल्या खासदार कोरा हॅलवर्सन तळ पाहायला आल्या. सैन्यावर देखरेख करणाऱ्या समितीत त्या होत्या. त्याआधी त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि ते लपत नसे.

"याचं पोट का फाडलंय?" त्यांनी विचारले.

तळाचे प्रमुख कर्नल पेम्बर्टन म्हणाले, "विशेष काही नाही, मॅडम. चार तारा बदलतोय."

"कशासाठी?"

कर्नल खोटे बोलले नाहीत. "नवा बॉम्ब नेता यावा म्हणून. मग हे इथून हलवायचंय."

"आमच्या समितीला कळवलंत?"

"तारेतारेला संसदेला विचारत बसलो, तर विमान धावपट्टीवरच म्हातारं होईल."

"होऊ दे. परदेशात ठेवलेल्या अशा विमानाचं काम बदलायचं, तर आधी आम्हाला सांगायचं, असा कायदा आहे. उद्या माझ्या गावच्या लोकांनी विचारलं, तर काय सांगू? चार तारा होत्या म्हणून?"

तेवढ्यात टिबेट बोलले. "मॅडम, माझी बायको निवेस इथलीच. तिच्या आईच्या अंगणावरून हे रोज जातं. हे काय घेऊन जातं, ते तिनं अजून विचारलं नाही मला. पण विचारेल."

"टिबेट," कर्नल म्हणाले.

"हो सर. गप्प बसतो."

समितीचा निर्णय होईपर्यंत काम थांबले. तो हिवाळा मी उघड्या पोटाने कोपऱ्यात काढला. इतर विमाने उडत होती आणि माझ्या पंखावर धूळ साचत होती. जाता येता कर्नल पुटपुटत, "चिमण्यांना घर झालं." खरे सांगते, मला फार वाईट वाटे.

मग कर्नलना वॉशिंग्टनला समितीपुढे बोलावणे आले. परतले, ते सरळ माझ्यापाशीच आले.

"दिवसभर बसवलं त्या बाईंनी," ते टिबेटना म्हणाले. "विमान पुढे नेलं तर शेजारी काय समजतील, पहारा कुणाचा, तिथल्या लोकांना सांगितलंय का. निम्म्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. असायला हवं होतं, टिबेट."

"मग आता काय, सर?"

"समितीत मतदान झालं. हे कुठं जाणार नाही. जुन्या तारा काढायच्या, नव्या बसवायच्या नाहीत. आणि यापुढं आधी विचारायचं."

टिबेटनी तारा उपसल्या, पंखावरची धूळ पुसली आणि झाकणे लावली. वसंतात नदीला पूर आला, तेव्हा पोटाखाली कॅमेरे लावून मी बांध कुठे फुटला ते शोधत फिरले. त्या छायाचित्रांवरून दोन वस्त्यांमधली माणसे वेळेत बाहेर काढली. त्या दिवशी निवेसच्या आईने अंगणातून माझ्याकडे पाहून हात हलवला.

आता निवृत्त होऊन मी तळाजवळच्या गावच्या तंत्रशाळेत असते. मुले माझे स्क्रू काढतात, पुन्हा बसवतात, एखादा हरवतातही. मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका. पण तेवढ्याने यंत्राची काळजी घेऊन होत नाही. तुमच्या नावाने त्याच्याकडून कोणते काम करून घेतले जाणार आहे, ते विचारत जा. उत्तर यायला एखादा हिवाळा लागला, तरी आम्ही थांबू.