सख्ख्या भावाला कळवायचं

"रक्ताच्या नात्यातलं कोण कोण आहे तुमचं?" इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं.

कापवाले काका म्हणाले, कोणी नाही. बाईंनी तसं लिहून घेतलं आणि पान उलटणार, तेवढ्यात ते म्हणाले, "एक भाऊ आहे. थोरला. नऊ वर्षं बोलणं नाही."

प्रयोगशाळेत सगळे त्यांना कापवाले काकाच म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. मेणात बसवलेला अवयवाचा तुकडा यंत्रावर चढवायचा, चाक फिरवायचं आणि केसाहून पातळ काप काचेवर उचलायचे. गेली सहा वर्षं त्यांच्या हातून उंदरांच्या पिल्लांच्या प्रोस्टेट ग्रंथी जात होत्या, तिळाएवढ्या. जन्मानंतर ही ग्रंथी झाडासारखी फांद्या फोडत वाढते. कर्करोगाच्या गाठींना आवर घालणारी जी जनुकं असतात, तीच या वाढीलाही कुठे थांबायचं ते सांगतात का, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शोधत होत्या. असं एक जनुक काढून टाकलेल्या पिल्लांत दहाव्याच दिवशी फांद्यांची दाटी झाली होती. ती पहिल्यांदा काकांना दिसली. "या कापात गर्दी वाटते," एवढंच ते म्हणाले होते. मॅडमनी मग तासभर सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं नव्हतं.

आता काकांच्याच ग्रंथीत कर्करोग निघाला होता, आणि रक्ततपासणीत असंच एक आवर घालणारं जनुक जन्मापासून बिघडलेलं दिसलं होतं. मॅडमच्या उंदरांतलं नव्हे, पण त्याच कुळातलं. समुपदेशक बाई समजावू लागल्या तेव्हा ते म्हणाले, मला ठाऊक आहे. तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं. थोरल्याकडे असण्याची शक्यता निम्मी. त्याच्याकडे असलं तर त्याच्या मुलीकडेही निम्मी, आणि बायकांना त्याचा धोका स्तनांना, अंडाशयांना. बाईंनी भावासाठी पत्र दिलं. टपालाने पाठवलंत तरी चालेल, म्हणाल्या.

पत्र चार दिवस टेबलावर पडून राहिलं.

आईचं शेवटचं दुखणं काकांनी एकट्याने काढलं होतं. थोरला दुसऱ्या गावी. तो आला तो सगळं आटोपल्यावर, आणि चार माणसांत काका म्हणाले होते, "पाहुणे आलेत, खुर्ची द्या." थोरला आल्या पावली परत गेला होता.

पाचव्या दिवशी, रविवारी, काका पत्र खिशात घालून बसमध्ये बसले.

दार वहिनींनी उघडलं. क्षणभर त्यांना ओळख पटली नाही. मग "भाऊजी, किती वाळलात," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. काका उभेच राहिले. थोरल्याने पेपर खाली केला नाही. काकांनी दाराशी उभं राहूनच आपल्या आजाराचं सांगितलं.

"आजारी पडलास म्हणून आठवण झाली का?" पेपरामागून आवाज आला.

"हो. पण माझ्यासाठी नाही आलो, दादा. पोरीसाठी आलोय."

पेपर खाली आला. मग काका आयुष्यात कधी नव्हे इतकं सलग बोलले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडलेली असली तरी दुसरी निभावून नेते. एखाद्या पेशीत तीही गेली, की त्या पेशीला पुरे म्हणणारं कोणी उरत नाही. तू रक्त तपासून घे; असलं तर वेळेवर कळेल आणि काळजी घेता येईल, नसलं तर पोरीच्या जिवाचा घोर मिटेल. वहिनींनी हळूच विचारलं, आईंच्या पोटात झालं ते हेच का? असेल, काका म्हणाले, तेव्हा कोणी तपासलं नव्हतं.

काकांनी पुढे केलेलं पत्र थोरल्याने वाचलं. मग म्हणाला, "आई विचारायची का रे मला?"

नाही म्हणाले असते, तर तिथेच मिटलं असतं.

"रोज," काका म्हणाले. "मी सांगायचो, दादाला कळवलंय. आणि तुझा फोन आला की तुला सांगायचो, बरी आहे. दोन महिने. करत होतो मी, आणि तिच्या तोंडी नाव तुझं."

वहिनी पदराने खुर्चीचा हात पुसत राहिल्या, जणू तिथे काही सांडलं होतं. थोरल्याने पत्राची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

"तपासून घेतो मी," तो म्हणाला. "तू जा आता."

महिन्याने वहिनींचा फोन आला. ह्यांच्यात काही निघालं नाही, पोरगीही सुटली. बरं झालं, काका म्हणाले, फार बरं झालं. पलीकडे थोरल्याचं खाकरणं ऐकू आलं. तो फोनवर येईल म्हणून काका थांबले. वहिनीही थांबल्या. मग त्या म्हणाल्या, "जपा हं, भाऊजी." शस्त्रक्रियेची तारीख सांगायची राहून गेली.

त्या सकाळी ते एकटेच इस्पितळात गेले. परिचारिका कपडे बदलायला सांगायला आली, तेव्हा त्यांनी तिला बजावलं, "काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाका. कडा वाळल्या की काप फाटतात." ती हसली आणि डॉक्टरांना सांगते म्हणाली. मग म्हणाली, घड्याळ आणि चष्मा तेवढा नातेवाइकांकडे देऊन ठेवा.

ती बाहेर गेल्यावर काकांनी घड्याळ काढून एका मोज्यात घातलं, चष्मा दुसऱ्यात. मोजे एकेका बुटात सारले, नाड्या आत खोचल्या आणि वाकून बूट कॉटखाली भिंतीलगत सरळ लावून ठेवले.